लढाईच्या दुसऱ्या दिवशी सेनापती काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (1861-65, उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) लढाया आणि सेनापतींची यादी तुम्ही दोनदा पाठ केलीत आणि दोन्ही वेळा ती आठवडाभरात डोक्यातून उतरली. शिवाय दक्षिणेचा रॉबर्ट ली हा उत्तरेच्या ग्रँटपेक्षा थोर सेनापती, असं जिथे तिथे वाचलंत. मग तो हरला कसा? केवळ उत्तरेकडे माणसं आणि कारखाने जास्त होते म्हणून?

मी सव्वीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं अमेरिकेचा पेपर माझ्याकडे होता, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. सुरुवातीला मीही फळ्यावर कोष्टक काढायचे: लढाई, तारीख, उत्तरेचा सेनापती, दक्षिणेचा सेनापती, कोण जिंकलं. पोरं ते इमानेइतबारे उतरवून घ्यायची आणि उत्तरपत्रिकेत ग्रँटला गेटिसबर्गला नेऊन उभा करायची. तो बिचारा त्या वेळी शेकडो मैल लांब, मिसिसिपी नदीवरच्या व्हिक्सबर्गला वेढा घालून बसला होता. चूक पोरांची नव्हती. माझ्या कोष्टकातला शेवटचा रकानाच फसवा होता. या युद्धात लढाई जिंकणं आणि त्या लढाईतून काही मिळवणं या दोन गोष्टींची पुष्कळदा फारकत झालेली आहे. हे लक्षात न घेता यादी पाठ केली की ती नुसती नावांची माळ होते, आणि अशी माळ तुटायला वेळ लागत नाही.

आता, किती लक्षात ठेवायचं हे तुम्ही कशासाठी वाचताय त्यावर आहे. पर्याय निवडायच्या परीक्षेसाठी असेल तर एवढं पुरे: फोर्ट सम्टर (एप्रिल 1861), पहिली बुल रन (जुलै 1861), शायलो (एप्रिल 1862), अँटिएटम (सप्टेंबर 1862), गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग (दोन्ही जुलै 1863), अटलांटा (सप्टेंबर 1864), ॲपोमॅटॉक्स (एप्रिल 1865). हे पाठ करा आणि पुढचं वाचू नका, तुमचा वेळ वाचेल. पण लीचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणजे तुम्हाला समजूनही घ्यायचं आहे, असं धरून पुढचं लिहिते.

आधी तीन बारीक खड्डे बुजवू. एक, एकाच लढाईला दोन नावं असतात. उत्तरेकडचे लोक जवळच्या ओढ्या-नदीचं नाव द्यायचे, दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं. म्हणून बुल रन आणि मनॅसस एकच, अँटिएटम आणि शार्प्सबर्ग एकच. दोन, दक्षिणेकडे जॉन्स्टन दोन आहेत. आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन शायलोला मारला गेला. जोसेफ जॉन्स्टन शेवटपर्यंत होता. तीन, जॅक्सन हा दक्षिणेचा सेनापतीही आहे आणि मिसिसिपी राज्याची राजधानीही. व्हिक्सबर्गच्या मोहिमेत जॅक्सन पडलं, म्हणजे शहर पडलं. या तीन गोष्टींवर दरवर्षी पाच-सात उत्तरपत्रिका तरी बळी जायच्या.

मग नकाशा. मी फळ्यावर आधी फक्त नद्या काढू लागले आणि माझं निम्मं काम हलकं झालं. पूर्वेला वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्या, मध्ये जेमतेम शंभर मैल. पण रॅपहॅनॉकसारख्या नद्या त्या वाटेवर आडव्या पसरलेल्या. प्रत्येक नदी म्हणजे बचाव करणाऱ्याला आयता तट. पश्चिमेला नेमकं उलटं. टेनेसी, कंबरलँड आणि मिसिसिपी या नद्या दक्षिणेच्या पोटात शिरतात. ज्याच्याकडे तोफांच्या बोटी आहेत त्याला त्या नद्या म्हणजे रस्तेच. फेब्रुवारी 1862 मध्ये ग्रँटने फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दोन किल्ले दहा दिवसांत घेतले तेव्हा टेनेसी आणि कंबरलँड दोन्ही नद्यांची दारं उघडली आणि महिनाअखेरीला नॅशव्हिल लढाईशिवाय उत्तरेच्या हाती आलं. पूर्वेकडे तोवर कवायती चालू होत्या. राजधान्या, वर्तमानपत्रं, छायाचित्रकार सगळे पूर्वेला, म्हणून प्रसिद्ध लढाया पूर्वेच्या. पण जमीन जात होती ती पश्चिमेत.

दोन्ही बाजूंची कामंही सारखी नव्हती. दक्षिणेला उत्तर जिंकायची नव्हतीच. अकरा राज्यं फुटून निघालेली, त्यांना फक्त टिकून राहायचं होतं, म्हणजे उत्तरेकडचा मतदार कंटाळेपर्यंत. उत्तरेला मात्र पश्चिम युरोपाच्या तोडीचा प्रदेश परत घ्यायचा होता. तेव्हा उत्तरेची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 20 लाख आणि दक्षिणेची 90 लाख, त्यातले सुमारे 35 लाख गुलाम, हे आकडे खरे असले तरी त्यांतून निकाल आपोआप निघत नाही. संख्या जास्त असूनही दमून माघार घेतलेल्या सत्ता इतिहासात कमी नाहीत.

एवढ्या पार्श्वभूमीवर माझी कसोटी सांगते. सेनापती वाचताना त्याने लढाईच्या दिवशी काय केलं हे बघाच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं हे आधी बघा.

ही कसोटी मला पुस्तकात मिळाली नाही. मुलगी मेरीलँडमध्ये राहते, तिच्याकडे गेले असताना अँटिएटमच्या रणांगणावर दोन दिवस चालले. ज्या पुलावर उत्तरेच्या बर्नसाइडचे लोक तीन तास अडकून पडले तो दगडी पूल मी मनात केवढा तरी मोठा कल्पिला होता. प्रत्यक्षात दोन बैलगाड्या शेजारून जेमतेम जातील एवढाच तो रुंद. खालचा ओढा कित्येक ठिकाणी कमरेएवढा. पलीकडच्या टेकाडावर दक्षिणेच्या जॉर्जिया राज्याचे पाचेकशे बंदूकवाले, आणि त्यांनी एवढ्या मोठ्या फौजेला थोपवून धरलं! तिथे उभं राहिल्यावर 17 सप्टेंबर 1862 चा तो दिवस कळतो: सकाळी मक्याच्या शेतात, दुपारी खोलगट गाडीवाटेवर, मग पुलावर, असे हल्ले सुटे सुटे, एकामागून एक झाले. त्यामुळे लीला आपली तुटपुंजी माणसं या टोकाकडून त्या टोकाला पळवता आली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 मृत, जखमी आणि बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतकी हानी दुसऱ्या कुठल्या लढाईत झालेली नाही.

उत्तरेचा सेनापती होता मॅक्लेलन. सैन्य उभं करणं, कवायत, शिस्त, जेवणखाण यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, सैनिक त्याच्यावर जीव टाकायचे. त्याचं नशीबही असं की लढाईच्या चार दिवस आधी लीचा गुप्त हुकूम, तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला, त्याच्या शिपायांना एका माळावर सापडला. लीची फौज तुकड्या-तुकड्यांत विखुरली आहे हे त्याला कळलं. तरी तो सावकाश निघाला, कारण शत्रू आपल्यापेक्षा मोठा आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. वास्तविक लीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास माणसं होती.

आणि 18 सप्टेंबर? ली पोटोमॅक नदीकडे पाठ करून दिवसभर तिथेच उभा राहिला. मॅक्लेलनकडे जवळजवळ न वापरलेली मोठी राखीव फौज होती, वर सकाळी ताजी कुमक आलेली. तो हलला नाही. रात्री ली नदी उतरून गेला. पुढे महिनाभर अध्यक्ष लिंकन मॅक्लेलनला पाठलाग करायला सांगत राहिला आणि हा घोडे थकलेत म्हणून कळवत राहिला. अँटिएटमनंतर तुमच्या घोड्यांनी दमण्यासारखं केलंय तरी काय, अशी तार लिंकनने त्याला केली. नोव्हेंबरमध्ये मॅक्लेलनचं सेनापतिपद गेलं.

मात्र या अर्धवट विजयाचा उपयोग लिंकनने पुरेपूर करून घेतला. पाचच दिवसांत, 22 सप्टेंबरला, त्याने गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली. 1 जानेवारी 1863 पासून ती लागू झाली. त्यानंतर इंग्लंड-फ्रान्सला दक्षिणेच्या बाजूने उघड उतरणं अवघड झालं. म्हणून अँटिएटमचं कोष्टकातलं उत्तर 'अनिर्णित' असलं तरी माझ्या लेखी ती युद्धातली सर्वांत परिणामकारक लढाई आहे. दुसऱ्या दिवसाचं काम सेनापतीने केलं नाही, ते अध्यक्षाने केलं.

आता याच मापाने शायलो पाहा. 6 एप्रिल 1862 च्या सकाळी ग्रँट गाफील सापडला. खंदक खणलेले नव्हते, तो स्वतः काही मैल लांब होता. हा दोष त्याचाच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत त्याची फौज टेनेसी नदीच्या काठापर्यंत रेटली गेली. रात्री पाऊस. धक्क्याजवळच्या लाकडी घरात जखमींचे हातपाय कापणं चाललेलं, ते बघवेना म्हणून ग्रँट बाहेर झाडाखाली येऊन थांबला. तिथे त्याच्या हाताखालचा सेनापती शर्मन त्याला भेटला. शर्मनला माघारीची गोष्ट काढायची होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच की आजचा दिवस फार वाईट गेला. ग्रँट म्हणाला, हो, पण उद्या त्यांना हाणू. रात्रीत उत्तरेच्याच ब्युएलची कुमक नदी उतरून आली आणि सकाळी ग्रँटने हल्ला चढवला. दोन दिवसांत जवळपास 24,000 ची हानी झाली आणि ग्रँटवर दारुडेपणापासून कसाईपणापर्यंत सगळे आरोप झाले. पण त्या रात्रीच्या त्या वाक्यात पुढची तीन वर्षं आहेत असं मी वर्गात सांगायचे.

तर मग ली. मोठ्या फौजेची बगल हेरून तिच्यावर तुटून पडण्यात त्याच्या जोडीचा माणूस त्या युद्धात नव्हता, हे मी मानते. मे 1863 मध्ये चान्सलर्सव्हिलला उत्तरेच्या हूकरची फौज त्याच्या दुपटीहून मोठी होती. लीने आपली छोटी फौज आणखी फोडली आणि जॅक्सनला जंगलातून लांबचा वळसा घालून हूकरच्या उघड्या बगलेवर सोडलं. लष्करी शाळांत ती चाल आजही शिकवतात, शिकवण्याजोगी आहेच. पण पुढचा रकाना भरा. लीची जवळपास पाचवा हिस्सा फौज गारद झाली. जॅक्सनला अंधारात स्वतःच्याच लोकांच्या गोळ्या लागल्या आणि आठ दिवसांनी, 10 मे रोजी, तो न्यूमोनियाने गेला. हूकर नदीपलीकडे गेला, तिथे त्याची फौज पुन्हा उभी राहिली. उत्तरेला हरून परत भरती करता येत होती; दक्षिणेला जिंकूनही भरती परवडत नव्हती. ज्या बाजूला फक्त टिकायचं आहे तिच्या सेनापतीने एवढ्या महाग लढाया जिंकाव्यात का, हा प्रश्न लीच्या भक्तांना आवडत नाही. त्यांचं उत्तर असं की लांबलेल्या युद्धात दक्षिण हरणारच होती, म्हणून लवकर मोठा घाव घालणं हाच एक मार्ग होता. हे उत्तर टाकाऊ नाही. मी स्वतः दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

तोच घाव घालायला तो पेनसिल्व्हेनियात शिरला आणि गेटिसबर्ग घडलं (1 ते 3 जुलै 1863). त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेते. तिसऱ्या दिवशी हाताखालचा सेनापती लाँगस्ट्रीट नको नको म्हणत असताना लीने सुमारे 12,500 माणसं पाऊण मैल उघड्या रानातून टेकडीवरच्या तोफांच्या तोंडी पाठवली आणि त्यातली निम्म्याहून जास्त मारली, जखमी झाली किंवा पकडली गेली. उत्तरेचा सेनापती मीड याला पद मिळून तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

मीडने लीला निसटू दिलं म्हणून लिंकन इतका चिडला की त्याने कडक पत्र लिहिलं आणि मग पाठवलंच नाही. माझ्या कसोटीने मीड नापास व्हायला हवा, आणि कित्येक वर्षं मी त्याला नापास करत होते. नंतर मत बदललं. त्याच्या फौजेचे दोन कोअर, म्हणजे मोठे विभाग, जवळजवळ संपलेले होते, बरेच मोठे अधिकारी पडलेले होते, आणि पुराने तुंबलेल्या पोटोमॅकच्या अलीकडे लीने चांगले मोर्चे बांधलेले होते. तिथे घाईने हल्ला केला असता तर फ्रेडरिक्सबर्गची पुनरावृत्ती झाली असती. डिसेंबर 1862 मध्ये बर्नसाइडने फ्रेडरिक्सबर्गला दगडी भिंतीआडच्या शत्रूवर लाटेमागून लाट पाठवली होती आणि 12,000 हून अधिक माणसं गमावली होती. मॅक्लेलनचं थांबणं आणि मीडचं थांबणं बाहेरून सारखं दिसतं, पण आतला हिशेब वेगळा आहे. म्हणजे कसोटी लावतानाही त्या माणसाच्या हातात त्या सकाळी नेमकं काय होतं हे मोजावं लागतं.

आता व्हिक्सबर्ग. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात आणि गेटिसबर्गला दोन पानं. मिसिसिपीच्या एका वळणावर उंच कड्यावर वसलेलं हे शहर. ते हातात असेपर्यंत दक्षिणेचे पूर्व-पश्चिम भाग जोडलेले होते. ग्रँटने 1862 च्या डिसेंबरपासून प्रयत्न केले आणि एकामागून एक फसले. होली स्प्रिंग्जचं त्याचं रसदेचं कोठार शत्रूच्या घोडेस्वारांनी जाळलं. शर्मनचा चिकासॉ बायूचा हल्ला फसला. कालवा खणून पाहिला, दलदलीतून बोटी नेऊन पाहिल्या. अखेर एप्रिल 1863 मध्ये त्याने ठरवलं की फौज नदीच्या पश्चिम काठाने चालत शहराच्या खाली न्यायची आणि आरमाराच्या पोर्टरच्या बोटींनी रात्री कड्यावरच्या तोफांखालून धावत खाली यायचं. शर्मनचा या बेताला विरोध होता. मेम्फिसला परत जाऊन नीट रेल्वेच्या आधाराने पुन्हा या, असं त्याचं म्हणणं, आणि पुस्तकी दृष्टीने ते बरोबरच होतं. पण परत जाणं म्हणजे उत्तरेकडच्या लोकांना आणखी एक पराभव दिसणं, हे ग्रँटला कळत होतं.

16 एप्रिलच्या रात्री बोटी निघाल्या, 30 एप्रिलला फौज ब्रुइन्सबर्गला पूर्व काठावर उतरली. तिथून पुढच्या अठरा दिवसांत पाच लढाया: पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल, बिग ब्लॅक. धान्य-मांस मुलखातून उचलायचं, दारूगोळ्याच्या गाड्या तेवढ्या मागून. दक्षिणेचा सेनापती पेंबरटन व्हिक्सबर्गला आणि जोसेफ जॉन्स्टन जॅक्सन शहराकडे. ग्रँट सरळ दोघांच्या मध्ये घुसला, आधी पूर्वेला वळून जॅक्सन घेतलं, मग उलटा फिरून पेंबरटनला चॅम्पियन हिलवर गाठलं. पेंबरटनची गंमत अशी की दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस त्याला सांगत होता शहर सोडू नकोस आणि जॉन्स्टन सांगत होता बाहेर ये. त्याने थोडं थोडं दोघांचंही ऐकलं. पालखेडची मोहीम (1728) ज्यांनी वाचली आहे त्यांना हे समजवायला मला कधी वेळ लागला नाही. निजामाला हवी तिथे लढाई द्यायचीच नाही, त्याची रसद आणि दिशा दोन्ही चुकवायची, हे बाजीरावाचं गणित आपल्या मुलांना घरचंच असतं. फरक एवढा, की ग्रँटकडे पायदळ होतं आणि शेवटी त्याला वेढा घालावाच लागला. त्याआधी घाईने केलेले दोन हल्ले फसले. वेढा 47 दिवस चालला. शहरातले लोक टेकडीत गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खाल्लं गेलं. 4 जुलैला, गेटिसबर्ग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, पेंबरटन सुमारे 29,000 माणसांसह शरण आला.

याच वेढ्याच्या काळात, 7 जूनला, मिलिकेन्स बेंड इथे नुकत्याच भरती झालेल्या काळ्या सैनिकांनी, त्यातले बहुतेक काही महिन्यांपूर्वीपर्यंत गुलाम होते, दक्षिणेचा हल्ला हातघाईवर येऊन परतवला. लढाई लहान, म्हणून यादीत नसते. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या लष्करात सुमारे 1,80,000 काळे सैनिक भरती झाले. 'उत्तरेकडे माणसं जास्त होती' असं आपण म्हणतो तेव्हा त्यातली बरीच माणसं दक्षिणेतून पळून आलेली होती, हे मोजायचं राहून जातं. आणि युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं, असंही तुम्ही कुठेतरी वाचाल. त्यावर एवढंच, की दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या भाषणात गुलामगिरी हीच आपल्या नव्या सत्तेची कोनशिला असल्याचं उघड सांगितलं होतं. पराभवानंतर भाषा बदलली.

व्हिक्सबर्गनंतर ग्रँटने नोव्हेंबरमध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाला अडकलेल्या उत्तरेच्या फौजेची कोंडी फोडली आणि मार्च 1864 मध्ये सगळ्या सैन्यांचा सेनापती होऊन तो पूर्वेला आला. तुम्ही तुलना विचारलीत ती लढत आता सुरू होते. विल्डरनेसच्या झुडपी जंगलात 5 ते 7 मे अशी गर्दीची, धुराची, वणव्याची लढाई झाली. जखमी माणसं आगीत होरपळून मेली. उत्तरेची हानी 17,000 च्या वर, लीची 11,000 च्या आसपास. कोष्टकात लिहायचं तर लीने हल्ला थोपवला. याआधी असं झालं की उत्तरेची फौज नदीपलीकडे परत जायची. 7 मेच्या रात्री रांगा निघाल्या तेव्हा सैनिकांना वाटलं, आपण पुन्हा माघारीच चाललो. ब्रॉक रोडच्या चौकात ग्रँट दक्षिणेला वळला. काय होतंय ते कळल्यावर दमलेली पलटण टोप्या उडवून ओरडू लागली. शत्रूला आवाज कळू नये म्हणून त्यांना गप्प करावं लागलं.

पुढचा दीड महिना भयंकर होता. स्पॉटसिल्व्हेनिया, मग कोल्ड हार्बर. कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला केला याचं दुःख ग्रँटने आयुष्याच्या शेवटी लिहूनही ठेवलं. एकूण सुमारे 55,000 माणसं त्याने त्या मोहिमेत गमावली. त्याला कसाई म्हणणाऱ्यांचा आधार तोच. पण लीची हानीही 30,000 च्या पुढे गेली, आणि फौजेच्या आकाराशी ताडून पाहिलं तर ती कमी नव्हती. मुख्य म्हणजे लीला त्यानंतर पुन्हा मोकळेपणी चाल करता आली नाही. जूनमध्ये ग्रँट त्याला चकवून जेम्स नदी उतरला, आणि ली पीटर्सबर्गच्या खंदकांत नऊ महिने अडकला. वेढ्यात अडकलो की फक्त दिवस मोजायचे, हे लीने आधीच ओळखलं होतं.

तोवर शर्मन जॉर्जियात जोसेफ जॉन्स्टनला हळूहळू मागे रेटत होता. जॉन्स्टन लढाई टाळत, फौज वाचवत मागे सरत होता. दक्षिणेच्या खऱ्या गरजेला ही पद्धत धरून होती, पण वर्तमानपत्रांना ती भित्री वाटली. 17 जुलैला डेव्हिसने त्याला काढून हूडला नेमलं. हूडने दहा-बारा दिवसांत तीन हल्ले केले, तिन्ही फसले, आणि 2 सप्टेंबरला अटलांटा पडलं. तारखेकडे नीट बघा. ऑगस्टच्या शेवटी लिंकनला स्वतःच्या पराभवाची इतकी खात्री होती की त्याने तसं लिहिलेल्या कागदावर मंत्र्यांच्या न वाचता सह्या घेऊन ठेवल्या होत्या. निवडणूक 8 नोव्हेंबरला. समोर उमेदवार कोण, तर आपला मॅक्लेलन! अटलांटाने ती निवडणूक फिरवली. दक्षिणेची एकमेव आशा उत्तरेचा मतदार कंटाळेल ही होती, ती तिथे संपली. म्हणून मला विचाराल तर कलाटणी गेटिसबर्गला नाही, अटलांटाला.

शर्मनची समुद्राकडची कूच (नोव्हेंबर-डिसेंबर 1864, सुमारे 60,000 माणसं, अटलांटा ते सव्हाना) तुम्हाला माहीत असेलच. तिच्या सावलीत उत्तरेचा सेनापती जॉर्ज थॉमस हरवतो. हा मूळचा व्हर्जिनियाचा, पण उत्तरेशी राहिला आणि सख्ख्या बहिणींनी त्याचं नाव टाकलं; उलट वर आलेला पेंबरटन पेनसिल्व्हेनियात जन्मून दक्षिणेकडून लढला. यादवी या शब्दातला यादव इथे दिसतो. हूडची फौज नॅशव्हिलवर चालून आली, तरी बर्फ वितळेपर्यंत थॉमस थांबला, ग्रँट इतका वैतागला की त्याच्या जागी दुसरा माणूस रवाना केला. तो पोचण्याआधी 15 आणि 16 डिसेंबरला थॉमसने हूडची फौज नाहीशी केली, आणि पाठलागही केला. माझ्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण घेणारा तो एक.

मग ली थोर की ग्रँट? रणांगणावरच्या एका दुपारीपुरता ली. युद्ध एक करून पाहण्यात, म्हणजे नद्या, रेल्वे, निवडणूक आणि पाच ठिकाणच्या फौजा एका दोरीत ओवण्यात ग्रँट. ग्रँटपुढे तीन आख्ख्या फौजा शरण आल्या: डोनेल्सन, व्हिक्सबर्ग, ॲपोमॅटॉक्स. संख्याबळाचं म्हणाल तर तेच संख्याबळ ग्रँटआधी पूर्वेकडे नेमलेल्या मॅक्लेलन, पोप, बर्नसाइड आणि हूकरच्याही हाताशी होतं.

9 एप्रिल 1865 ला ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला तेव्हा ग्रँटने अटी सौम्य ठेवल्या. शस्त्रं ठेवा, घरी जा. घोडे-खेचरं आपापली न्या, नांगरणी जवळ आली आहे. उपाशी फौजेला शिधा दिला. शरणागतीच्या पत्राची शुद्ध प्रत ज्याने लिहिली तो ग्रँटचा सचिव ईली पार्कर सेनेका या मूळ अमेरिकी जमातीचा होता. एकूण मृतांचा आकडा पूर्वीपासून 6,20,000 दिला जातो, अलीकडचे अभ्यासक तो 7,50,000 च्या घरात नेतात. त्यातले बहुसंख्य गोळीने नव्हे, रोगाने गेले.

ही लांबची गोष्ट आपल्या दारातूनही गेलेली आहे, आणि परीक्षेत हा प्रश्न येतो, म्हणून जोडते. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. भाव चढले, वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा कापूस मुंबईतून जाऊ लागला, आणि शहरात पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदसारखे सट्टेवाले व्यापारी, बॅक बे हा समुद्राचा भाग बुजवायच्या कंपन्या, रोज निघणाऱ्या पेढ्या आणि शेअर हे सगळं त्या चार वर्षांतलं. ली शरण आल्याच्या बातमीने भाव कोसळले आणि 1865 मध्ये मुंबईत एकामागून एका पेढीचं दिवाळं निघालं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली तीही याच युद्धाची आठवण.

अभ्यास कसा करायचा, तर कोऱ्या कागदावर आधी चार नद्या आणि दोन राजधान्या काढा. मग वरच्या आठ जागा खुणा करून प्रत्येकीपुढे एकच ओळ लिहा: दुसऱ्या दिवशी कोण कुठे गेलं. नकाशा उतरवताना एक सांभाळा. पश्चिम व्हर्जिनिया हे राज्य जून 1863 मध्ये वेगळं निघालं, त्यामुळे 1861 चा आणि 1865 चा नकाशा जुळणार नाहीत. तुमची सीमारेषा चुकली असं वाटून खोडाखोड करत बसू नका.